कसबा

कसबा : परगण्याचे मुख्य ठिकाण असलेले व बाजार भरणारे मोठे गाव; तसेच एखाद्या शहराचा मूळचा, सर्वांत जुना व मध्यवर्ती भाग. मध्ययुगीन महाराष्ट्राच्या राज्यव्यवहारात हा शब्द पहिल्या अर्थाने रूढ होता. परगण्यांची व्यवस्था संपल्यावर तो अर्थ मागे पडला आणि शब्द मुख्यत्वे स्थलनामांच्या रूपाने उरला. पुणे येथील कसबा पेठ, सोलापूर येथील उत्तर कसबा व दक्षिण कसबा, कोल्हापूरलगतचा कसबा बावडा, रत्नागिरी जिल्ह्यातील कसबा संगमेश्वर ही त्याची परिचित उदाहरणे होत. गाव, पेठ, गावठाण, पुरा, वेस, लष्कर व सदर बझार या शब्दांशी त्याचा निकटचा संबंध असून या सर्व शब्दांच्या साहाय्याने मराठी मुलखातील जुन्या शहराची रचना कशी होती, हे समजून घेता येते.

व्युत्पत्ती : मूळ शब्द अरबी ‘कसबः’ असा असून तो फार्सीमार्गे मराठीत आला. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ बोरू किंवा पोकळ नळी असा असून तटबंदीचा गड आणि प्रदेशाचे मुख्य नगर हेही त्याचे अर्थ आहेत. दहाव्या शतकातील अरब भूगोलज्ञ अल्-मुकद्दसी याने नगरांची उतरंड लावताना महानगरानंतर येणाऱ्या, जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या नगराला हीच संज्ञा वापरली आहे. इस्लामी सत्तेबरोबर हा शब्द पूर्वेस व पश्चिमेस दूरवर पसरला, परंतु प्रत्येक प्रदेशात त्याच्या अर्थाचा निराळा पदर पुढे आला. उत्तर आफ्रिकेत गडाचा अर्थ प्रबळ राहिला. अल्जिअर्स शहरातील ‘कसबा’ हा टेकडीवरील जुना तटबंद भाग असून १९९२ मध्ये यूनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. स्पॅनिश भाषेतील ‘अल्काथाबा’ हा किल्लावाचक शब्द याच अरबी शब्दाला ‘अल्’ हे उपपद लागून झालेला आहे. उत्तर भारतात मात्र गडाचा अर्थ लुप्त होऊन ‘गावापेक्षा मोठी व शहरापेक्षा लहान वस्ती’ हा अर्थ स्थिरावला. बिलग्राम, काकोरी, अमरोहा यांसारखे कसबे विद्वान, अंमलदार व जमीनदार घराण्यांमुळे प्रसिद्धीस आले. हिंदी-उर्दूत आजही ‘कस्बा’ म्हणजे छोटे शहर. मराठीत याच शब्दाने पुढे मोठ्या शहराचा गाभा दर्शविला जाऊ लागला. मराठीतील हा अर्थविकास लक्षणीय आहे. कारण लहान नगराचे नाव कायम राहिले आणि नगर त्याच्या भोवती वाढत गेले.

कौशल्य किंवा कारागिरी या अर्थाच्या ‘कसब’ या मराठी शब्दाशी कसब्याचा संबंध पुष्कळदा जोडला जातो व ‘कसबी लोकांची वस्ती तो कसबा’ अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. ती ग्राह्य नाही. कौशल्यवाचक कसब हा शब्द ‘कमाई, उद्योगधंदा’ या अर्थाच्या दुसऱ्या अरबी शब्दापासून आला आहे. दोन्ही शब्दांतील आरंभीचा ‘क’ व मधला ‘स’ ही अक्षरे अरबी लिपीत निरनिराळी आहेत. देवनागरीत तो भेद उरत नाही. जुन्या मराठीत जरीच्या तारेलाही कसब म्हणत व तशा तारेचे काम केलेले वस्त्र ‘कसबी’ म्हटले जाई. उच्चारसाम्यामुळे हे शब्द एकत्र आले असले, तरी कसब्यात कारागिरांची वस्ती असे, ही वस्तुस्थिती व्युत्पत्तीवर अवलंबून नाही. सोलापूर हे नाव ‘सोळा गावांचे पूर’ यावरून पडले ही समजूतही अशाच लोकव्युत्पत्तीतून निर्माण झाली. सिद्धरामेश्वरांच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकात, या स्थळाचे नाव सोन्नलिगे किंवा सोन्नलगे असे होते व सोलापूर हे नाव त्याच्याशी निगडित आहे.

प्रशासकीय अर्थ : दख्खनमधील सुलतानी अंमलात व पुढे मराठेशाहीत अनेक गावे मिळून एक परगणा होई. परगण्यातील सामान्य खेड्याला ‘मौजे’ व मुख्य ठाण्याच्या गावाला ‘कसबा’ ही संज्ञा होती. कागदपत्रांत ती गावाच्या नावाआधी ‘मौजे अमुक’, ‘कसबे अमुक’ अशी लिहीत. एकाच नावाची दोन गावे शेजारी असल्यास ही उपपदे त्यांना वेगळे ओळखण्यास उपयोगी पडत. सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज व मौजे डिग्रज, नाशिक जिल्ह्यातील कसबे सुकेणे व मौजे सुकेणे, तसेच कोल्हापूर जिल्ह्यातील कसबा सांगाव व मौजे सांगाव या जोड्यांतून जुना प्रशासकीय भेद आजही स्पष्ट दिसतो. या जोड्यांतील ‘कसबे’ गावे आज शेजारच्या मौजांपेक्षा फार निराळी दिसत नाहीत. परंतु नावातील उपपद त्यांच्या पूर्वीच्या दर्जाची साक्ष देते.

परगण्याचा अंमलदार कसब्यात राही. देशमुख व देशपांडे हे परगण्याचे वतनदार होते. कसब्याला स्वतःची शेतजमीन असल्याने तेथे इतर गावांप्रमाणे पाटील, कुलकर्णी व बलुतेदारही असत. त्यांच्या जोडीला बाजारपेठेचे वतनदार म्हणून शेटे व महाजन असत. खेड्यात न आढळणारी ही वतने कसब्याचे वैशिष्ट्य होत. बाजाराची व्यवस्था पाहणे, व्यापाऱ्यांना आणून वसविणे, त्यांच्यातील तंटे मिटविणे व सरकारदेणे वसूल करून देणे ही त्यांची कामे होती. जकात व मोहतर्फा (व्यापारी आणि कारागिरांवरील कर) यांचे उत्पन्न प्रामुख्याने कसब्यातून व पेठांतून येई. कसबा हा अशा रीतीने एकाच वेळी शेती करणारे गाव, सरकारी ठाणे व बाजाराची जागा होता. पूर्ण अर्थाने शहर नव्हे आणि निव्वळ खेडेही नव्हे, असे त्याचे स्वरूप होते.

जुन्या मराठी व्यवहारात गावाच्या वसतीच्या जागेला ‘पांढरी’ व शेतजमिनीला ‘काळी’ म्हणत. कित्येक पिढ्यांची घरे पडून व पुन्हा उभी राहून वसतीची माती पांढरट होते, त्यावरून ही संज्ञा आली. कसब्याची पांढरी तटाने किंवा गावकुसाने वेढलेली असे आणि तिच्यात प्रवेश करण्यासाठी वेशी असत. आत कोणी राहावे व बाहेर कोणी, हे धंदा व जात यांवर ठरत असे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची वस्ती गावकुसाबाहेर असे. कसबा या शब्दातून ध्वनित होणारी प्रतिष्ठा या विभागणीवर आधारलेली होती, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

कसबा व पेठ : पेठ हा शब्द कन्नड ‘पेटे’, तेलुगू ‘पेट’ व तमिळ ‘पेट्टै’ या शब्दांशी जुळणारा असून बाजार किंवा बाजाराची वस्ती हा त्याचा अर्थ आहे. कसबा हा मूळचा, आपोआप वाढलेला असतो. पेठ ही मुद्दाम वसविलेली असते. राज्यकर्ता किंवा त्याच्या परवानगीने एखादा वतनदार मोकळ्या जागेत रस्ते आखून पेठ वसवी. तेथे येणाऱ्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना काही वर्षांपुरती करमाफी देणारे कौल दिले जात. पेठेला वसविणाऱ्याचे, त्याच्या आप्ताचे, देवतेचे, मालाचे किंवा वाराचे नाव मिळे. वाराच्या नावाच्या पेठेत त्या वारी बाजार भरे असे सांगतात. तथापि सर्वच पेठांबाबत ते खरे नाही, कारण पुष्कळ पेठांना वारांची नावे मागाहून देण्यात आली.

इंग्रजांनी दख्खनमधील मोहिमांत किल्ल्याखालच्या तटबंद वस्तीला पेठ या शब्दावरूनच ‘पेटा’ अशी संज्ञा वापरली. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने अहमदनगरची पेठ शिड्या लावून घेतली व चार दिवसांनी तेथील किल्ला शरण आला. मे १८१८ मध्ये टॉमस मन्रोने सोलापुरातही प्रथम पेठ काबीज केली व नंतर किल्ला घेतला. या वृत्तांतांत किल्ला आणि पेठ ही दोन स्वतंत्र लष्करी लक्ष्ये म्हणून येतात. यावरून जुन्या शहराच्या तटबंदीचे महत्त्व कळते.

पुण्यातील कसबा : पुणे शहराचा सर्वांत जुना वसलेला भाग कसबा या नावाने ओळखला जातो. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले. त्यानंतर जिजाबाई व दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली त्याची पुन्हा वसाहत झाली. लाल महाल व ग्रामदैवत कसबा गणपती यांचा या घटनेशी संबंध आहे. तांबट आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा इ. नावांवरून कसब्यातील कारागिरांच्या वस्तीची कल्पना येते. पेशवाईत या कसब्याभोवती नव्या पेठा वसल्या व जुन्या पेठांची नावे बदलली. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या व नारायण पेठ नारायणरावांच्या नावाने ओळखली जाते. पेठांची संख्या वाढल्यावर कसबाही त्यांतील एक गणला जाऊ लागला व त्याला ‘कसबा पेठ’ असे जोडनाव मिळाले. दोन्ही शब्दांचे मूळ अर्थ विसरले गेल्यावरच असा प्रयोग संभवतो. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या विसर्जन मिरवणुकीत कसबा गणपतीला पहिला मान असतो.

सोलापुरातील कसबा : सोलापूरच्या जुन्या शहराची मांडणी किल्ला, तलाव, कसबा व पेठा या चार घटकांची आहे. भुईकोट किल्ला बहमनी काळातील मानला जातो. निजामशाही व आदिलशाही यांच्यात या किल्ल्यावरून दीर्घकाळ संघर्ष झाला. चांदबीबीच्या अली आदिलशहाशी झालेल्या विवाहात तो आंदण म्हणून विजापूरकडे गेला. किल्ल्यालगत सिद्धेश्वर तलाव व त्यातील सिद्धेश्वर मंदिर आहे. शहराला सु. अडीच मैल (सु. ४ किमी.) घेराचा तट होता. शहर चोहोकडे वाढू लागल्याने सु. १८७२ मध्ये नगरपालिकेने पूर्वेकडील संपूर्ण तट व इतर बाजूंचे काही भाग पाडून टाकले. तट गेला तरी बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस, कुंभार वेस, पाणीवेस ही नावे राहिली. सोलापूरकर आजही वेशींच्या नावांनीच जुन्या शहरातील पत्ते सांगतात.

या जुन्या शहराच्या गाभ्याचे उत्तर कसबा व दक्षिण कसबा असे दोन भाग पडतात. टिळक चौक, बाळीवेस व पत्रा तालीम हा परिसर उत्तर कसब्याशी, तर दत्त चौक व शिंदे चौक हा परिसर दक्षिण कसब्याशी संबद्ध आहे. भोवताली मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार व रविवार या वारांच्या पेठा, तसेच सिद्धेश्वर पेठ, गणेश पेठ, भवानी पेठ, साखर पेठ, बेगम पेठ, जोडभावी पेठ, पाच्छा पेठ इ. पेठा आहेत. या नावांत शहराचा बहुभाषिक इतिहास साठवलेला आहे. ‘पाच्छा’ हे पातशहा या शब्दाचे बोलीतील रूप होय. जोडभावी या नावात विहीर या अर्थाचा कन्नड ‘बावि’ हा शब्द दिसतो. कापडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाटी गल्लीच्या नावात कापडविक्या या अर्थाचा ‘चाटी’ हा जुना मराठी शब्द टिकून आहे. मराठी, कन्नड व तेलुगू या तिन्ही भाषा बोलणाऱ्या या शहरात पेठ हा शब्द तिन्ही भाषिकांना आपापल्या भाषेतून परिचित आहे. कसबा हा मात्र तिघांनाही राज्यव्यवहारातून मिळालेला शब्द होय.

शहराच्या वाढीचे टप्पेही वस्तीनामांवरून ओळखता येतात. १८६० मध्ये लोहमार्ग सोलापूरला पोहोचला आणि स्थानकाच्या बाजूस ‘रेल्वे लाइन्स’ हा भाग उदयास आला. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली कापडगिरणी, सुरू झाली. तिचे संस्थापक मुरारजी गोकुळदास यांचे नाव मुरारजी पेठेला मिळाले. पद्मशाली विणकरांची दाट वस्ती जुन्या शहराच्या पूर्वेकडील पेठांतून झाली व तो सर्व प्रदेश ‘पूर्व भाग’ या नावाने ओळखला जाऊ लागला. हातमाग, नंतर यंत्रमाग व चादरींचे उत्पादन यांचे हे केंद्र होय. इंग्रजी छावणी उठून गेली, तरी तिची ‘लष्कर’ व ‘सदर बझार’ ही नावे कायम राहिली. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी शहराबाहेर जी वसाहत उभारण्यात आली, ती ‘सेटलमेंट’ या नावाने ओळखली जाते. त्यासंबंधीचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ पासून देशभर रद्द झाला, कुंपण गेले. परंतु वस्तीचे नाव उरले. कसबा व सेटलमेंट ही एकाच शहरातील दोन वस्तीनामे. पहिल्याने शहराच्या आत असण्याचा मान दाखविला, तर दुसऱ्याने सक्तीने बाहेर ठेवले जाणे.

धार्मिक व सामाजिक केंद्र : प्रशासन व व्यापार यांची केंद्रे सरकली, तरी विधी व उत्सव यांचे केंद्र सहसा सरकत नाही. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर यांची यात्रा दरवर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास भरते. सिद्धरामेश्वरांनी शहराच्या परिसरात ६८ लिंगे स्थापिली, अशी श्रद्धा आहे. यात्रेच्या प्रारंभी उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते व या ६८ लिंगांना तैलाभिषेक करण्यात येतो. दुसऱ्या दिवशी मंदिरालगतच्या संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो. त्यानंतर होमविधी व शोभेचे दारूकाम होते. नंदीध्वजांच्या मार्गाने जुन्या शहराची जणू दरवर्षी नव्याने आखणी होते. तट पाडला गेल्यावरही शहराचा मध्य कोठे आहे व सीमा कोठवर आहे, याची जाणीव या परिक्रमेने जागती ठेवली. पुण्यातील कसबा गणपतीचा पहिला मान आणि सोलापुरातील नंदीध्वजांचे कसब्यातून होणारे प्रस्थान या दोन्ही प्रथांत मूळ वस्तीचा अग्रमान व्यक्त होतो.

कसबा व आधुनिक शहरमध्य : इंग्रजीतून आलेल्या ‘डाउनटाउन’ या शब्दाशी कसब्याची तुलना करण्यात येते, परंतु दोहोंत भेद आहे. डाउनटाउन हा शब्द न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाकडील भागावरून रूढ झाला व पुढे अमेरिकेत सर्वत्र व्यापारी मध्यवस्ती या अर्थी वापरला जाऊ लागला. अर्नेस्ट बर्जेस याने १९२५ मध्ये शिकागो शहराच्या आधारे मांडलेल्या समकेंद्री वलयांच्या सिद्धांतात मध्यवर्ती व्यापारी क्षेत्र हे सर्वांत आतले वलय मानलेले आहे. तेथे कचेऱ्या व मोठी दुकाने असतात, राहती वस्ती विरळ असते. कसब्यात याउलट दुकान, कारखाना व घर ही एकाच वाड्यात किंवा एकाच गल्लीत असतात आणि वस्ती दाट असते. जर्मन भाषेतील ‘आल्टश्टाट’ (जुने शहर) व मोरोक्कोतील ‘मदीना’ या संज्ञा कसब्याला अधिक जवळच्या आहेत.

शिवाय ब्रिटिश अंमलानंतर भारतीय शहरांना बहुधा दोन केंद्रे निर्माण झाली. जुना बाजार असलेले एक व कचेऱ्या, छावणी आणि लोहमार्ग स्थानक यांभोवतीचे दुसरे. सोलापुरात नवी पेठ, पार्क चौक, सात रस्ता व रेल्वे लाइन्स या भागांकडे नवे व्यवहार सरकले. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या महानगरपालिकेचा कारभार कसब्याबाहेरील इंद्रभुवन या वास्तूतून सुरू झाला. नवी पेठ आता जुनी झाली असली, तरी नाव ‘नवी’च आहे, कारण वस्तीला नाव मिळते ते ती वसते तेव्हाच्या संदर्भात.

सर्वसामान्य बोलण्यात शहराच्या मध्यभागासाठी कसबा हा शब्द फारसा वापरला जात नाही. हद्दवाढीच्या किंवा उपनगरांच्या भागातील माणूस जुन्या शहराकडे निघताना ‘गावात जाऊन येतो’ असे म्हणतो. पुण्यात ‘पेठेत’, तर मुंबईत ‘फोर्टात’ जातात. सु. साडेनऊ लाख लोकसंख्येच्या (२०११) शहरालाही ‘गाव’ म्हणण्याच्या या प्रयोगात मूळ कसब्याची, म्हणजेच तटाच्या आतील गावाची, स्मृती टिकून आहे. ‘गावात’ म्हणजे काय, हे त्या त्या शहरातील रहिवाशाला सांगावे लागत नाही. नकाशावर मात्र त्या नावाची कोणतीही सीमा सापडत नाही.

शासकीय दप्तरातील वापर : ब्रिटिश अंमलात परगण्यांची जागा तालुक्यांनी व परगण्याच्या वतनदारांची जागा मामलेदारांनी घेतली. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली आणि कसब्याचा प्रशासकीय आधार कायद्यानेही संपला. भारतीय जनगणनेत नागरी वस्ती ठरविताना लोकसंख्या, तिची घनता व बिगरशेती कामगारांचे प्रमाण या कसोट्या लावल्या जातात. कसबा असा वर्ग तीत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यामध्ये वसतीच्या जागेसाठी ‘गावठाण’ ही संज्ञा असून तिच्या सीमा निश्चित करण्याची तरतूद कलम १२२ मध्ये आहे.

तथापि जमिनीच्या दप्तरात कसबा हा शब्द पूर्णपणे लोपलेला नाही. सोलापुरात ‘कसबे सोलापूर’ हे महसुली गावाचे नाव असून त्यात जुन्या शहराबाहेरील पूर्वीच्या शेतजमिनीही येतात. ‘उत्तर कसबा’ व ‘दक्षिण कसबा’ ही मात्र जुन्या शहरातील वस्त्यांची नावे आहेत. त्याचप्रमाणे ‘उत्तर सोलापूर’ व ‘दक्षिण सोलापूर’ ही तालुक्यांची नावे असून त्यांचा कसब्याच्या दोन भागांशी संबंध नाही. खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारसाचा अर्ज लिहिताना या संज्ञांत गल्लत झाल्यास मिळकतीची ओळखच बदलते. कसबे सोलापूर येथील जमीन म्हणजे कसब्यातील जमीन, असे गृहीत धरणे बरोबर नाही. जुन्या दस्तऐवजांत ‘कसबे’ हे उपपद संपूर्ण गावाचे, पांढरी व काळी या दोहोंचे, निदर्शक असते. वस्तीनामातील ‘कसबा’ केवळ पांढरीचा, तोही तिच्या एका भागाचा. असा दस्तऐवज वाचताना हा भेद पाहणे अगत्याचे आहे.

सद्यःस्थिती : महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या कसब्यांपुढे सारखेच प्रश्न आहेत. अरुंद गल्ल्या, वाढलेली रहदारी, अनेक वारसांत विभागलेल्या मिळकती, मालक व भाडेकरू यांचे प्रलंबित वाद आणि दुरुस्तीअभावी धोकादायक झालेले वाडे ही त्यांची लक्षणे होत. मालकाला जुन्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही आणि भाडेकरूला घर सोडल्यास परत जागा मिळण्याची शाश्वती नसते. दोघांच्या अडचणी खऱ्या असल्याने वाडा तसाच राहतो व अखेर पडतो. वाडे पाडून त्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्यास वस्तीची घनता वाढते, पण रस्त्याची रुंदी तीच राहते. उलटपक्षी सरसकट रस्ता रुंद केल्यास ज्या लहान दुकानदारांच्या व कारागिरांच्या आधाराने कसबा जिवंत राहिला, तेच विस्थापित होतात. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र शासनाच्या स्मार्ट सिटी योजनेत निवडलेल्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचा समावेश झाला. जुन्या शहराचा विचार एखाद्या नव्या वसाहतीसारखा करून चालत नाही. त्यासाठी वाडा, गल्ली, वेस, तालीम, मंदिर व बाजार यांच्या परस्परसंबंधांची नोंद प्रथम होणे आवश्यक असते.

अशा नोंदीत वस्तीनामांना महत्त्वाचे स्थान आहे. तट, वेशी, छावणी, गिरण्या व परगणा यांपैकी बहुतेक गोष्टी सोलापुरातून नाहीशा झाल्या. जुनी मिलही १९६३ मध्ये बंद पडली. त्यांचा सर्वांत सहज उपलब्ध असलेला पुरावा म्हणजे त्यांची नावे होत. चौकांना व रस्त्यांना नवी नावे देताना जुने नाव पत्त्यात किंवा नगरभूमापनाच्या दप्तरात राहील अशी तजवीज केल्यास हा पुरावा टिकू शकतो. कसबा हा शब्द राज्यव्यवहारातून गेला, तरी पत्त्यांतून व उत्सवांतून तो आजही वापरात आहे आणि शहराची मूळ वस्ती कोठे होती, हे त्यावरून निश्चित करता येते.